चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी घरच्या फुलांच्या छोट्या फुलदाण्या: संध्याकाळपर्यंत टिकवायच्या कशा?

नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. दरवर्षी फुलवाल्याकडचा जरबेऱ्याचा तो भलामोठा बुके येतो आणि कोपऱ्यात नुसता उभा असतो, यावेळी तो नकोच. अंगणात आणि मागच्या माळावर एवढं फुललंय तर तेच छोट्या छोट्या भांड्यांत लावायचं डोक्यात आहे, गौरीपुढे दोनतीन, खिडकीत एखादी आणि डाळ-पन्ह्याच्या टेबलावर एक. लोणच्याच्या छोट्या बरण्या, कटिंगचे ग्लास, सासूबाईंची पितळी फुलपात्रं काढून ठेवलीत.

फुलं म्हणाल तर मोगरा, देवचाफा, लाल जास्वंद, राणी कलरची बोगनवेल, बिट्टी. माळावर पांढरा कुडा, आणि शेजारच्या काकांच्या बांधावर बहावा, ते न्या म्हणालेत. ट्रायल घेतली तर बोगनवेलीने दुपारीच माना टाकल्या, बहाव्याच्या पाकळ्यांचा टेबलभर सडा, आणि मोगऱ्याला देठच नाही तर तो बरणीत लावणार कसा? बायका पाचनंतर येणार, ऊन तर बघताच आहात. फुलवाले देठं खोचायला वापरतात तो हिरवा फोम नकोय. प्लीज सुचवा.

रानवाटा: सगळं सकाळी ऊन चढायच्या आत कापा, बादली सोबतच न्या. बोगनवेलीची पानं जवळजवळ सगळी काढून टाका, पाणी तीच ओढतात, आणि फांदी तासभर अख्खी पाण्यात बुडवून ठेवा. बहाव्याचा घोस वरून खाली फुलत जातो, त्यामुळे वरची थोडीच उमललेली आणि खाली कळ्याच कळ्या असा घोस निवडा. तो उभा करू नका हं, उंच बाटलीच्या तोंडातून खाली लोंबू द्या, त्याची शोभा लोंबण्यातच आहे. कुड्याला चीक येतो, कापलेलं टोक अर्धा मिनिट कढत पाण्यात धरा मग साध्या पाण्यात.

माजघर: अगं मोगरा नि देवचाफा बरणीत कशाला, फुलपात्रात तरंगत सोड की. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दुपारी काढून ओल्या फडक्यात ठेव, बरोब्बर संध्याकाळी उमलतात, बायका दारात आल्या की घमघमाट! जास्वंद सकाळी तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि पाच वाजता बाहेर. तिला पाणी दिलं न दिलं सारखंच, रात्री मिटायची ती मिटतेच.

बांधावरचा: बिट्टी खाण्याच्या टेबलावर अजिबात नको, लहान मुलं येणार असतील तर घरातच नको. चीक, बी सगळंच विषारी. आणि पिकलेल्या आंब्याकेळ्यांचं ताट फुलांपासून लांब ठेवा, पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो त्याने फुलं लवकर कोमेजतात. कैऱ्या चालतील.

धागाकर्ती: कसलं भारी सांगितलंत सगळ्यांनी! बिट्टी कॅन्सल. पाण्यात साखर घालतात म्हणे, घालू का?

रानवाटा: एका दिवसासाठी नको त्या भानगडी. नुसती साखर घातली तर पाणीच आधी नासेल. बरण्या साबणाने स्वच्छ घासा, लोणच्याचा तेलकटपणा राहायला नको, पाण्याखाली येणारं एकही पान ठेवू नका आणि दुपारी एकदा पाणी बदला. कुडा मात्र गौरीच्या अगदी जवळ ठेवा, बहाव्याशेजारी तो बिचारा दिसतच नाही.