बेका व्हॅलीची जुनी रेड वाईन उघडली, खाली गाळ आणि वास चामड्यासारखा. खराब झालीये का?

सांजवारा
मंडळी, मदत करा. लेबनॉनच्या बेका व्हॅलीतली एक रेड वाईन भेट मिळाली होती, वायनरीचं नाव इथे लिहीत नाही. लेबलवर काबर्ने सोव्हिन्यों, सिन्सो आणि कारिन्यान या तीन द्राक्षवाणांचा ब्लेंड, साल 2012, एक वर्ष फ्रेंच ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली. काल उघडली तर आधी नेलपॉलिशसारखा वास, मग चामडं, सुकलेलं अंजीर असं काहीतरी, रंग कडेला विटकरी आणि तळाशी चांगला जाड गाळ. ओक म्हणजे व्हॅनिला यायला हवा ना, तो तर कुठेच नाही. एक घोट घेऊन बूच परत लावून ठेवलंय, ओतून देऊ का?

गाळीव
ओतू नका हो!! इतक्या वर्षांच्या रेडमध्ये गाळ असणारच, रंगद्रव्य आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) एकमेकांना चिकटून खाली बसतात, त्याने काही अपाय होत नाही, फक्त तोंडात कचकच लागतं. बाटली एक दिवस उभी ठेवा, मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास असता तर बूच बाधलं, म्हणजे बुचातल्या दोषाने वाईन बिघडली म्हणायचं, तो कितीही हवा लागली तरी जात नाही. तुमचं तसं दिसत नाहीये.

द्राक्षवेल
नेलपॉलिशचा वास इथाइल अॅसिटेटचा असतो, व्हिनेगरच्या बाजूचं प्रकरण. फार असेल तर दोषच, पण थोडा असेल तर जुन्या पद्धतीच्या वाईनमध्ये तो बाकीचे सुगंध वर उचलून धरतो असं माझं ठाम मत आहे.

ओकबद्दल. व्हॅनिला येतो तो मुख्यतः नव्या लाकडातून. वापरलेल्या पिंपात चव फारशी उतरत नाही, तिथे लाकडाचं काम म्हणजे थोडी थोडी हवा आत सोडणं आणि तुरटपणा मऊ करणं. शिवाय तुमच्या ब्लेंडमध्ये काबर्ने कणा देते, कारिन्यान आंबटपणा आणि रंग, सिन्सो सुगंध. या खोऱ्यात मळे साधारण 1000 मीटरवर आहेत, दिवसा रखरखीत ऊन आणि रात्री गारवा, म्हणून द्राक्ष पूर्ण पिकतं तरी आंबटपणा टिकतो, आणि तोच आंबटपणा वाईनला इतकी वर्षं धरून ठेवतो.

गाळीव
थोडा दोष चालतो हे मला अजूनही पटत नाही, वास स्वच्छच हवा. पण या तीन वाणांचं नाव निघालं की शातो म्युझार ही लेबनॉनची वायनरी आठवतेच. गास्तों होशार यांनी 1930 ला सुरू केली, 1959 पासून मुलगा सर्ज वाईन करायला लागला. मळे बेकात, वायनरी गझीरला, म्हणजे मधे अख्खा माउंट लेबनॉन, आणि यादवी युद्धात द्राक्षं ट्रकने त्या डोंगरावरून न्यायची. 1976 ला वाईन झालीच नाही. 1984 ला तर ट्रक वाटेत इतके दिवस अडकले की द्राक्षं तिथेच आंबायला लागली! तिथे वाण वेगवेगळे आंबवतात, मग ओकमध्ये, मग ब्लेंड आणि बाटली, आणि बाजारात येते ती काढणीनंतर साधारण सातव्या वर्षी. हे वाचलं तेव्हापासून त्या खोऱ्याची कुठलीही बाटली मी घाईत पीत नाही.

द्राक्षवेल
हो ना. आणि त्याच खोऱ्यात बालबेकला रोमनांनी बांधलेलं बॅकसचं मंदिर अजून उभं आहे, त्यांचा मद्याचा देव!

सांजवारा
अपडेट. बाटली दिवसभर उभी ठेवली, मग गाळ मागे ठेवून ओतली, 17 अंशाच्या आसपास ठेवून तासाभराने प्यायलो. नेलपॉलिशचा वास जवळजवळ गेला, चामडं राहिलं पण त्याच्यामागून आंबट चेरी आणि थोडी दालचिनी आली, तुरटपणा अगदी मऊ. कालचा पहिला घोट आणि आजचा, एकाच बाटलीतले वाटत नाहीत. शेवटचे दोन घोट तळाशी गाळासोबत तसेच सोडले.