पेन्सिल्व्हेनियाचं परमिट नदी ओलांडली की संपतं

अमेरिकेत ‘ड्रायव्हिंग लायसन्ससारखं कॅरी परमिटही (बंदूक जवळ घेऊन फिरण्याचा राज्याचा परवाना) सगळ्या राज्यांत चालतं’ असं अनेकांना वाटतं, ते चूक आहे. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलात की पेन्सिल्व्हेनियाच्या परमिटला किंमत शून्य. न्यूयॉर्कही बाहेरचं परमिट मानत नाही. मिशिगन आणि कोलोरॅडो मानतात, पण तुम्ही परमिट देणाऱ्या राज्याचे रहिवासी असाल तरच. म्हणजे युटा राज्य बाहेरच्या रहिवाशांना देतं ते नॉन-रेसिडेंट परमिट तिथे कामाचं नाही.

तुमचं परमिट न मानणाऱ्या राज्यातून नुसतं पार जायचं असेल तर 1986 चा फेडरल (देशभर लागू असलेला) कायदा आधाराला आहे. निघता ते आणि पोचता ते, दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणं तुम्हाला कायदेशीर हवं. बंदूक रिकामी, आणि ती व गोळ्या दोन्ही डिकीत. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते. ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल कुलूप लावूनही चालत नाही! लोक नेमके इथेच फसतात.

दुसरा सापळा म्हणजे मुक्काम. न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकलेल्या एका प्रवाशाने बंदूक असलेली बॅग ताब्यात घेऊन हॉटेलात रात्र काढली आणि सकाळी विमानतळावर अटक झाली. 2010 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, बॅग हाताशी आली तिथेच 1986 च्या कायद्याचं संरक्षण संपलं.

आणि एच-1बी वाल्यांनो, परमिटच्या आधीचा प्रश्न: नॉन-इमिग्रंट (एच-1बीसारख्या तात्पुरत्या) व्हिसावर बंदूक जवळ ठेवणंच फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.