श्रग्जनं पाठ होत नाही आणि डेडलिफ्टनं मणका सरकत नाही

लोखंडी लोणचं

परवा घरच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. मामेभावानं टाकलेली, त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही. मथळा : ‘तीस दिवसांत बैलासारखी पाठ’. उपाय तीनच. रोज दोनशे श्रग्ज मारा. लॅट पुलडाऊनचा, म्हणजे बसून वरून खाली ओढायच्या यंत्राचा, दांडा मानेमागे ओढा. आणि डेडलिफ्टच्या (जमिनीवरचा वजनदार दांडा उचलून ताठ उभं राहण्याच्या) वाट्याला जाऊ नका, मणका सरकतो. खाली चौदा जणांनी हात जोडले होते. एकानं तर ‘आईबाबांनाही पाठवलं’ असं लिहिलंय. आईबाबांना बैलासारखी पाठ कशाला हवी, देव जाणे.

श्रग्ज म्हणजे खांदे कानाकडे न्यायचे. त्यानं मानेलगतचा उंचवटा वाढेल, नाही म्हणत नाही. पण ट्रॅप, म्हणजे मानेपासून पाठीवर पसरलेला मोठा स्नायू, म्हणजे तेवढाच उंचवटा नव्हे. तो कवटीच्या मागून निघतो आणि छातीच्या शेवटच्या, बाराव्या मणक्यापर्यंत उतरतो, पतंगासारखा. वरचा भाग खांदा उचलतो, मधला खांद्याची पाती मागे खेचतो, खालचा ती खाली ओढतो. दोनशे श्रग्ज मारणारा या पतंगाचा एकच कोपरा रंगवत बसलाय. आणि दोनशे मारता येतात म्हणजे हातात वजन किती असणार?

मानेमागे दांडा ओढताना खांदा टोकाला वळतो, मान पुढे येते, आणि जास्तीचं काहीच मिळत नाही. छातीकडे ओढा की.

राहिला मणका. मी ६० किलोनं सुरुवात केली, तिसऱ्या वर्षी १५० वर आहे, अंगाचं वजन ७२. सोमवारी डेडलिफ्ट (पाच-पाचचे तीन सेट), मग वाकून बारबेल रो, म्हणजे दांडा पोटाकडे ओढणं. गुरुवारी पुलअप्स, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल्स घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं, म्हणजे फार्मर वॉक. बस्स. शर्टाची कॉलर ३९ ची ४२ झाली. मणका जागेवर आहे.

लाल माती

वाचून हसू आलं भावा. हितं तालमीत पोरं पहाटं चारला उठून कुस्तीचा हौदा खणत्यात. फावड्यानं तासभर माती वर-खाली, मग जोर, सपाट्या, दोर चढायचा, करेला म्हंजे जड लाकडी मुदगल फिरवायचा. त्यानंतर ऐंशी-नव्वद किलोचा जोडीदार मानंवर हात टाकून लोंबकाळतोय, त्याला घेऊन अर्धा तास झट्या. कोण कॉलर मोजतंय? पैलवानाला तयार शर्ट बसत न्हाई, शिवून घ्यावा लागतोय.

ही सगळी साहेबाची फॅडं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते काय फार्मर वॉक करून? शेतकरी हितं हाय आणि त्याच्या नावाचा व्यायाम तिकडनं येतोय.

लोखंडी लोणचं

लाल माती, माती खणणं, दोर, करेला, मानेची ओढाताण : सगळं मान्य, पाठीसाठी उत्तमच आहे. पण जोरानं पाठ होत नाही हो. जोर म्हणजे ढकलणं. छाती, खांदा, दंडाची मागची बाजू. पाठीला ओढायला काहीतरी लागतं. तालमीत पाठ होते ती दोरानं आणि जोडीदारानं, आणि श्रेय मात्र जोराला जातं.

लाल माती

तुमी किती जोर मारता एका दमात, ते सांगा आदी. गामा पैलवानानं बडोद्यात १२०० किलोचा दगड उचलला. अजून हाय तो दगड तितं, जाऊन बगा.

वजनदार बाई

२०१६ मध्ये एडी हॉल या ब्रिटिश ताकदवीरानं ५०० किलोची डेडलिफ्ट मारली तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं. तेही धरायला सरळ दांडा असताना. आणि गामांनी १२०० किलोचा गुळगुळीत दगड छातीशी धरून चार पावलं टाकली? गामांबद्दल आदर आहे, दगडाबद्दल शंका आहे.

‘साहेबाची फॅडं’ म्हणणाऱ्यांसाठी : सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर. वडिलांची पानटपरी. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो, रौप्य. सुवर्ण एका किलोनं हुकलं, १३९ किलोला कोपर गेलं तरी पुन्हा त्याच वजनाला उभा राहिला. त्याची मान आणि खांदे बघा एकदा. ते श्रग्जनंही झाले नाहीत आणि जोरानंही नाहीत. जमिनीवरून बार झटक्यात वर ओढून ओढून झालेत. सांगली तुमच्यापासून तासाभरावर असेल ना?

माझं म्हणाल तर मी ९० किलो उचलते आणि खरा त्रास ब्लाऊजचा आहे. शिंपीकाका दर वेळी माप घेताना म्हणतात, ‘ताई, टेप चुकला वाटतं.’ टेप नाही चुकला काका, पाठ वाढली. एकदा दोन्ही बाजूंना अर्धा इंच ठेवा म्हटलं तर मला हळूच विचारतात, थायरॉईड तपासलं का?

पुणेरी टोमणा

एवढी पाठ करून तिचं करायचं काय, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. स्वतःला दिसत नाही, आणि दुसऱ्याला दाखवायची असेल तर पाठ फिरवावी लागते.

मणक्याची मैत्रीण

फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं. तिन्ही बाजूंवर वैतागलेय.

‘मणका सरकतो’ हा शब्द आधी बंद करा. दोन मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. ती फुगते, कधी फाटते, आणि तशी ती कधीच बार न धरलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये दिसते, एका दुखण्याविना. माझ्याकडे डेडलिफ्टवाले येतात, पण त्यांच्या कितीतरी पट येतात ते दिवसभर खुर्चीत बसून रविवारी एकदम गॅस सिलिंडर उचलणारे.

पण लोणचं, तुम्हीही ‘मणका जागेवर आहे’ म्हणून टेंभा मिरवू नका. तुमच्या एका मणक्यावरून जगाला सल्ला कशाला? आणि एक मुद्दा सपशेल चुकलाय. डेडलिफ्टमध्ये ट्रॅप वजन धरून ठेवतो, आखडत-पसरत नाही. ताकद येते, जाडीही येते. पण फक्त आकारच वाढवायचा असेल तर रो पूर्ण ताणापर्यंत न्यायचा आणि हो, श्रग्जसुद्धा : जड, सावकाश, दहा-बारा, वर क्षणभर थांबून. मामेभावाची पोस्ट दोनशे म्हणाली म्हणून श्रग्ज वाईट ठरत नाहीत. खालच्या ट्रॅपसाठी तिरक्या बाकावर पालथं पडून हात वाय आकारात उचलायचे. दोन-दोन किलोंची डंबेल्स पुरतात, भल्याभल्यांचे हात थरथरतात.

लोखंडी लोणचं

बरं. श्रग्जला कोपऱ्यात एक स्टूल दिलं. खुर्ची नाही.

लाल माती

येवडं शास्त्र कशाला? मार्केट यार्डात जाऊन हमालाची पाठ बगा. कुठल्या जिमला गेलता? पोती उचलून उचलून मान बैलासारखी झालीय. विषय संपला.

पोत्याखालचा

विषय नाही संपला. इथं कधी लिहीत नाही, आज लिहितो.

माझे वडील एकतीस वर्षं भुसार बाजारात हमाल होते. त्यांची ‘बैलासारखी मान’ मी लहानपणापासून तेल लावून चोळलीय. मानेच्या खाली जो उंचवटा तुम्हाला दिसतो ना, तो सगळा स्नायू नसतो. पोतं रोज एकाच जागी घासून तिथं गठ्ठा धरतो, कातडी घोड्याच्या खोगिराखाली असते तशी होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. पन्नाशीत खाली बसून चप्पल घालणं बंद झालं. एकदा मी फोटो काढला, तर मित्र म्हणाला, ‘बाप काय बॉडी आहे काकांची!’ तेव्हा ते उताणं झोपू शकत नव्हते.

शंभर किलोचं पोतं होतं तेव्हा. दोघं चढवून द्यायचे, एक घेऊन पळायचा. पळायचा म्हणतोय, चालायचा नाही, कारण हमाली पोत्यामागे. पोतं ५० किलोचं व्हावं म्हणून हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. झालं तेव्हा काय झालं? वडील आणि त्यांचे जोडीदार दोन-दोन पोती एका खेपेला घ्यायला लागले. घरी चार तोंडं होती.

तुमची डेडलिफ्ट आठवड्यातून एकदा. मधे तीन मिनिटं बसून पाणी. दुखलं तर सुट्टी. त्यांना सुट्टी घेतली तर चूल नाही. व्यायाम आणि मजुरी यांत हा फरक आहे, आणि तो तालमीत बसून कळत नाही.

लाल माती

मी हमालांचा अपमान केला न्हाई. कौतुकच केलं. उगंच अंगावर येऊ नगा.

पोत्याखालचा

कौतुक नको, पाठीचं तर अजिबातच नको. पैलवानाच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई असते ना? माझ्या वडिलांच्या डब्यात भाकरी आणि ठेचा होता. तुमच्या वस्तादाला विचारा, तीन तास मेहनत करवून घेऊन पोराला ठेचा-भाकरीवर ठेवेल का.

एडिसनवाला

इथे अमेरिकेत निऑशचं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं, वजन उचलण्याचं सूत्र आहे. सगळी परिस्थिती आदर्श असली तरी त्याची सुरुवातच २३ किलोपासून होते. वाकावं लागलं, वळावं लागलं, की आकडा खाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तर १९६७ मध्येच पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवलीय. आपल्याकडे मात्र...

पुणेरी टोमणा

आले. ‘आपल्याकडे मात्र’ आलं. वाटच बघत होतो.

वजनदार बाई

टोमणा, तुम्हाला काही लिहायचं नसेल तर नका लिहू, सक्ती नाही. आणि एडिसनवाले, आपल्याकडेही १९६९ चा माथाडी कायदा आहे. माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी. नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिधी, सगळं लिहिलंय. कमी आहे ती कागदावर नाही.

एडिसनवाला

मी मदत म्हणून आकडा दिला. पंधरा वर्षं बाहेर असलं की मराठी माणसाला तोंड उघडायची बंदी आहे का? मी इथे वेअरहाऊसमध्ये खोकी उचलूनच दिवस काढलेत सुरुवातीला. ग्रीन कार्ड काही डेडलिफ्टवर मिळत नाही.

लोखंडी लोणचं

धागा पाठीचा होता हो. हमाली, माथाडी कायदा, आता ग्रीन कार्ड. पुढे काय, साखरेचा हमीभाव?

पोत्याखालचा

पाठीचाच चाललाय. तुमच्या पाठीचा नाही, एवढंच.

मणक्याची मैत्रीण

लोणचं, ते बरोबर बोलतायत आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. वजन दोघांनी उचललं. तुम्ही ६० वरून १५० ला यायला तीन वर्षं घेतली, मधे झोपलात, खाल्लंत. दोन्ही हातांत सारखं वजन, अंगाजवळ. त्यांनी पहिल्या दिवसापासून शंभर, एका बाजूवर, वाकून, पळत. स्नायू वजनानं वाढतो ही अर्धीच गोष्ट. तो वाढतो वजनानंतरच्या दोन दिवसांत. ते दोन दिवस त्यांना कुणी दिलेच नाहीत.

लाल माती

हे पटलं. आमचा वस्तादबी आठवड्यातनं एक दिस मेहनत बंद ठेवतोय. पोरं कुरकुरत्यात, तरी बंद म्हंजे बंद.

पोत्याखालचे दादा, माज्या त्या हमालाच्या पोस्टबद्दल वाईट वाटून घेऊ नगा. माजा आजाबी गुऱ्हाळावर मोळ्या व्हायचा, त्याची पाठ आमी पोरं अभिमानानं दाखवायचो. तो काय म्हणायचा ते कुणी इचारलंच न्हाई.

पण जोराचं मी मागं घेणार न्हाई.

लोखंडी लोणचं

नका घेऊ. जोर मारा, पण दोर सोडू नका.

वजनदार बाई

दोराबद्दल खरंच विचारायचं होतं. आमच्या जिमच्या छताला हूक आहे, दोर लावू देत नाहीत. सुती घ्यायचा की काथ्याचा?

लाल माती

सुती, जाडजूड. मुठीत जेमतेम मावंल असा. काथ्या हात सोलतोय. आणि पायाची कैची न घालता चढायला शिका, मग बगा पाठ. शिंप्याला सांगून ठेवा.

मणक्याची मैत्रीण

पोत्याखालचे, वडील आता कसे आहेत? काही व्यायाम करतात का?

पोत्याखालचा

सत्तरीला आलेत. उठबस थोडी बरी आहे. इथल्याच एका सरकारी दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं होतं, थोडं वजन घेऊन चालत जा, ताठ. म्हणून मी पाच लिटरचा तेलाचा डबा पाण्यानं भरून दिला. हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, ‘रिकामा डबा कशाला देतोस?’

लोखंडी लोणचं

डबा कुठल्या हातात घेतात?

पोत्याखालचा

उजव्या. सवय.

मणक्याची मैत्रीण

डाव्या हातात द्या. उजवीकडे झुकायची सवय आहे, डावीकडे वजन आलं की सरळ राहायला उजव्या बाजूला काम करावं लागेल. वीस पावलं, थांबायचं, परत वीस. दुखलं तर डब्यातलं पाणी कमी करा, चालणं नाही. आठ दिवसांनी इथेच कळवा.