सर्व्हेवरून इंडेक्स बनवतोय, अल्फा ०.४१ येतोय, पीसीए मारू का?

थीसिसग्रस्त:
मंडळी, मदत हवीये. एमएच्या डिझर्टेशनसाठी विद्यार्थ्यांचा डिजिटल सक्षमतेचा इंडेक्स बनवतोय, ३१२ फॉर्म आलेत. प्रश्न आठच आहेत, लॅपटॉप आहे का आणि स्वतःचा फोन आहे का (हो/नाही), आठवड्याला किती तास ऑनलाइन, आणि पाच वाक्यं १ ते ५ वाली, 'नवीन अ‍ॅप मला पटकन जमतं' टाइप. मी आठांची सरळ सरासरी काढली आणि त्यालाच इंडेक्स म्हटलं. गाइड मॅडमनी क्रॉनबॅक अल्फा विचारला (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं जुळतं), तो आला ०.४१, म्हणाल्या हे असं चालणार नाही. एक सीनियर म्हणतो पीसीए मार (प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस), कुठल्या प्रश्नाला किती वजन ते वेट्स आपोआप मिळतात. सबमिशनला तीन आठवडे राहिलेत.

आकडेमोड:
थांब, पीसीए नंतर. आधी गणित बघ. लॅपटॉप आहे, फोन आहे, पाचही वाक्यांना ५, अशा पोराची तास सोडून बेरीज झाली २७. आणि ज्याच्याकडे काहीच नाही पण ४० तास लिहिलेत तो त्याच्या पुढे! म्हणजे तुझा इंडेक्स हा तासांचाच इंडेक्स आहे, बाकीचे सात नुसते शोभेला. वेगवेगळ्या मापाचे प्रश्न एकत्र करायचे तर आधी एका मापावर आणावे लागतात, मिन-मॅक्सने ० ते १ कर नाहीतर झेड स्कोअर घे (सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर ते). मिन-मॅक्समध्ये एक गोची असते, एखाद्या पठ्ठ्याने १६८ तास लिहिलेले असतात (म्हणजे झोपतच नाही) आणि मग २० तासवाला ०.१२ वर दाबला जातो.

आणि दोन गोष्टी आत्ताच्या आत्ता चेक कर. पाच वाक्यांत एखादं उलटं आहे का, म्हणजे जिथे ५ म्हणजे कमी सक्षम? आणि 'सांगता येत नाही'ला कोड काय दिलायस? प्रत्येक कॉलमचा मॅक्सिमम बघ, ५ च्या वर काही दिसलं तर मला सांग.

थीसिसग्रस्त:
बापरे. 'ऑनलाइन फॉर्म भरताना मी गोंधळतो' हे उलटं आहे आणि मी तसंच घेतलंय. आणि दोन कॉलमचा मॅक्सिमम ९ आहे 😭

आकडेमोड:
झालं तर मग. उलट्यातल्या ९ सकट सगळे ९ आधी रिकामे कर, मग उलट्या वाक्याला ६ वजा उत्तर. क्रम उलटा केलास तर ६ वजा ९ म्हणजे उणे ३ होईल आणि पुन्हा शोधत बसशील, मी बसलोय एकदा.

जुनीपीएचडी:
वरचं सगळं बरोबर, पण मूळ घोळ वेगळाच आहे. अल्फा कुठे लावायचा ते आधी ठरव. पाच वाक्यं एकाच आतल्या गोष्टीची, आत्मविश्वास म्हण, लक्षणं आहेत, ती एकमेकांशी जुळायलाच हवीत, तिथे अल्फा बघ. लॅपटॉप आणि फोन ही लक्षणं नाहीत, त्यांच्यामुळे सक्षमता बनते. एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं थोडंच आहे, त्यामुळे तिथे अल्फा कमी आला तरी काही बिघडत नाही. दोन उपनिर्देशांक कर, साधनं आणि कौशल्य. तास मी काढूनच टाकेन, रील्स बघत लोळणाराही ऑनलाइनच असतो, तो सक्षम कसा?

पीसीएबद्दल: फिल्मर आणि प्रिचेट यांनी २००१ मध्ये घरातल्या वस्तूंवरून संपत्तीचा निर्देशांक काढायला तो वापरला, तेव्हापासून चाललंय, चूक नाही. पण तिथे वस्तूंची लांबलचक यादी असते, तुझ्याकडे दोन. आणि पीसीए वेट देतं ते आकडे एकत्र कसे हलतात त्यावरून, महत्त्व किती त्यावरून नाही. जवळपास सगळ्यांकडे फोन असेल तर फोनला वेट नगण्य मिळू शकतं, आणि व्हायव्हात 'फोन बिनमहत्त्वाचा कसा?' विचारलं की काय सांगशील? समान वेट ठेव आणि तसं लिहून टाक. मानव विकास निर्देशांकात तिन्ही बाजूंना (आरोग्य, शिक्षण, उत्पन्न) समानच वजन आहे.

थीसिसग्रस्त:
९ काढले, उलटं सरळ केलं, पाच वाक्यांचा अल्फा ०.७४!!! आता दोन्ही उपनिर्देशांक ० ते १ वर आणून सरासरी काढली. पण लॅपटॉप नाही, फोन नाही, कौशल्य मात्र पूर्ण १, अशांनाही ०.५ मिळतोय, हे पटत नाही.

जुनीपीएचडी:
कारण साध्या सरासरीत एकीकडची कमी दुसरीकडून भरून निघते. म्हणूनच मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये ती सोडून भूमितीय मध्य घेतला, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार करून त्याचं मूळ. पण तुझ्याकडे तो घेतलास तर साधनं शून्यवाल्या प्रत्येकाचा इंडेक्स शून्य, कौशल्य कितीही असो. कॉम्प्युटर लॅबवर शिकलेली पोरं त्यात मरतील. दोन्ही पद्धतींनी काढ, दोन्ही रँकचा स्पिअरमन बघ (दोन क्रमवाऱ्या किती जुळतात ते), आणि जास्त हलले ते वीसेक फॉर्म उघडून स्वतः वाच. मग ठरव.

थीसिसग्रस्त:
वाचायला घेतले. पहिल्याच फॉर्मवर शेऱ्यात लिहिलंय, 'भावाचा लॅपटॉप रात्री मिळतो'. याला हो धरू का नाही?

आकडेमोड:
०.५ धर आणि मेथडॉलॉजीत एक ओळ टाक. पण मग असे शेरे सगळ्याच फॉर्मवर शोधावे लागतील, फक्त याच्यावर नाही.