दहावीनंतर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घ्यावा की डिप्लोमा?

प्रश्न (हातकणंगले तालुका)

माझा धाकटा भाऊ यंदा दहावी उत्तीर्ण झाला असून, सुट्टीत ऊसतोडणी यंत्रावर मदतीला जाऊ लागल्यापासून त्याला डिझेल इंजिनाचेच शिक्षण घ्यायचे आहे. त्याने आयटीआय करून वर्षभरात कमावते व्हावे असे वडिलांचे म्हणणे आहे, तर मला तीन वर्षांचा डिप्लोमा योग्य वाटतो. आधी आयटीआय आणि मग थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश, असा मधला मार्ग निघेल का?

उत्तर (निवृत्त आयटीआय निदेशक, कोल्हापूर)

मार्ग आहे, परंतु तो ट्रेड (आयटीआयमधला एका कामाचा अभ्यासक्रम) निवडतानाच ठरतो आणि अर्ज भरण्याच्या गडबडीत नेमके हेच पालकांच्या नजरेतून सुटते. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी मात्र दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम लागतो. पुढे शिकण्याचा विचार असेल तर मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा, त्यातही डिझेल इंजिन शिकवले जातेच. वडिलांची अडचण कमाईची असेल, तर एक वर्षाच्या ट्रेडनंतर शिकाऊ उमेदवारी करावी. तेथे विद्यावेतन मिळते.

उत्तर (अवजड यंत्रांची दुरुस्ती, शिरोली)

निदेशक साहेबांशी मी सहमत आहे. फक्त कारखान्याच्या बाजूने थोडी भर घालतो. आम्ही शिकलो तेव्हा नोझल (डिझेल फवारणारे टोक) काढून फवारा पाहिला आणि टॅपेट लावले, म्हणजे झडपांची फट जुळवली, की निम्मे काम होत असे. आता कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात, डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) जातो (ट्रकच्या टायरमध्ये तो आठ-नऊ बार असतो) आणि डिझेल फवारणारा इंजेक्टर कधी उघडायचा हे संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून वाहनांना धुरातील प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर धुराच्या नळीतही सेन्सर आले. त्यामुळे मल्टीमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) धरता न येणारा आणि वायरिंगची आकृती वाचता न येणारा मुलगा, हात कितीही चांगला असला तरी, आमच्याकडे केवळ पाने देण्याच्या कामावर राहतो. ऊसतोडणी यंत्राची पाती हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, मोटारवर फिरतात; म्हणून नुसते इंजिन शिकून भागणार नाही, हायड्रॉलिक्सही शिकावेच लागेल. आणखी एक गोष्ट त्याला आजच सांगा: दाबाखालच्या नळीची गळती बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी, तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि वेळेत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावे लागू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक वर्षाच्या ट्रेडने दुसऱ्या वर्षाची वाट बंद होते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. वडिलांनी दोन वर्षांच्या ट्रेडला होकार दिला आहे, मात्र हंगामात सुट्टीच्या दिवशी त्याने यंत्रावर जात राहावे, अशी त्यांची अट आहे.