खांडववनाचं इन्स्टॉलेशन करतोय, आग दाखवावी की नको?

रानपाखरू
आमचा ग्रुप एका आर्ट फेस्टिवलसाठी इमर्सिव इन्स्टॉलेशन (प्रेक्षक आत शिरून अनुभवतो अशी कलाकृती) करतोय, विषय खांडववनदहन. म्हणजे अग्नीची भूक भागावी म्हणून कृष्ण-अर्जुनांनी अख्खं जंगल जळू दिलं, पळणारे प्राणी मारले, इंद्राचा पाऊसही बाणांनी अडवला, आणि वाचले कोण तर तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, बस. अंधारी खोली, चारी भिंतींवर प्रोजेक्शन, मधून वाट असं केलंय. पण ट्रायलला आलेले लोक ज्वाळांपुढे उभे राहून फोटोच काढत बसले. आग इतकी सुंदर दिसते की त्यात कोणी जळतंय हे जाणवतच नाही. काय करावं?

घुबडडोळा
आग काढूनच टाका की! पिल्लांच्या जागेवरून दाखवा. त्यांची आई जरिता त्यांना उंदराच्या बिळात लपा म्हणते, ती म्हणतात उंदराने खाण्यापेक्षा आगीत गेलेलं बरं, आणि शेवटी आईलाच उडून जायला सांगतात. मला तर वाचताना गलबलून येतं. तेव्हा प्रेक्षकाला घरट्यात बसवा, आग दिसू नये, फक्त वाढत जाणारा आवाज आणि एका बाजूने ऊब. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ग्रिझडेल जंगलात मार्शमॅलो लेझर फीस्ट या कलाकारांच्या गटाने असंच काहीसं केलं होतं, डोळ्यांपुढे पडदा असलेलं व्हीआर हेल्मेट घातलं की डास, चतुर, बेडूक, घुबड यांच्या नजरेतून तेच जंगल दिसायचं, तेही जंगलात उभं राहून. तिथे माणूस बघणारा राहत नाही, हेच तुम्हाला हवंय ना?

पायवाट
कल्पना आवडली पण घरट्यात वाकून शिरायला लावू नका, गुडघेदुखीवाले आणि व्हीलचेअरवाले बाहेरच राहतील. धुराचं मशीनही नको, दम्याच्या माणसाला त्रास होतो, शिवाय अंधारात बाहेर जायची वाट कायम दिसली पाहिजे. आणि झाडं कशाची करताय? थर्माकोल आणि प्लॅस्टिकची पानं असतील तर कृपा करून नको, जंगल जाळल्याची गोष्ट सांगायची आणि फेस्टिवल संपला की ट्रकभर कचरा टाकायचा हे मला पटत नाही. ओलाफुर एलियासन या कलाकाराने २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडच्या बर्फाचे १२ मोठे तुकडे चौकात ठेवले होते, लोक हात लावायचे, कान लावायचे, बर्फ वितळून गेला. आणायला किती कार्बन खर्च झाला तेही त्यांनी मोजून जाहीर केलं. तुम्ही पण दारावर लिहा, सामान कुठून आलं, नंतर कुठे जाणार.

सभामंडप
मयासुराला कोणी विसरू नका! जंगलातून जीव वाचला म्हणून त्यानेच पांडवांना मयसभा बांधून दिली, जिथे दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडला. खरं तर तेच आपल्याकडचं जुनं इमर्सिव इन्स्टॉलेशन! तर घरट्यातून बाहेर पडलं की एकदम चकाचक उजेडाची खोली, आरसे, गुळगुळीत फरशी, लोकांना वाटेल आता फोटो काढू, आणि फरशीखालून तोच पिल्लांचा आवाज बारीक येत राहील. फोटो काढू देत, अडवू नका.

रानपाखरू
मयसभेचं डोक्यातच नव्हतं!! प्रोजेक्टर आता पहिल्या खोलीत एकही नाही, सगळे दुसऱ्या खोलीत. आरसे भाड्याने मिळतात, झाडांसाठी छाटणीच्या फांद्या मागतोय. पण पिल्लांचा आवाज खऱ्या पक्ष्यांचा रेकॉर्ड करावा की माणसांनी काढावा, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, तुम्हाला काय वाटतं?

घुबडडोळा
माणसांनीच, ती पिल्लं आईशी बोलतात ना.