टॉवेल कारखान्याच्या हिशेबावर खंडणी : या टोळ्या नेमक्या कशा चालतात?

हिशेबनीस, अक्कलकोट रोड

नमस्कार. येथील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी पाहतो. गेल्या सोमवारी सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा खतावणी, बिले, पगारपत्रक यांपैकी एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. मालकांना हे एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे काम वाटते. मला तसे वाटत नाही, कारण चिठ्ठीतील दुव्यावर संपर्क साधला असता समोरचा माणूस ग्राहक सेवा केंद्रातल्याप्रमाणे शांतपणे उत्तरे देत होता. आमच्या चाळीस मागांशी त्याचे काय वैर असणार? ही माणसे कोण असतात, आणि पैसे दिल्यास शब्द पाळतात का?

नेटवर्क देखभाल, जुळे सोलापूर

आपला अंदाज योग्य वाटतो. घरून काम करता यावे म्हणून तो संगणक रिमोट डेस्कटॉपने (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीने) इंटरनेटवर उघडा ठेवला होता का, हे आधी तपासा. असे दरवाजे शोधणारी यंत्रणा नाव-गाव पाहत नाही; ती जगभरचे पत्ते क्रमाने ठोठावत जाते आणि जिथे पासवर्ड कच्चा असेल तिथे थांबते.

आपल्याकडे सूत एकाचे, रंगणी दुसऱ्याकडे, विणकाम तिसऱ्याकडे मजुरीवर आणि शिलाई चौथ्याच्या घरी होते. या टोळ्यांतही कामाची अशीच वाटणी असते. काहीजण केवळ शिरकाव मिळवून तो विकतात. फाईलींना कुलूप लावणारा प्रोग्राम आणि वाटाघाटीचे संकेतस्थळ दुसरे लोक सांभाळतात, आणि प्रत्यक्ष घुसणारे तिसरेच असतात, जे हा प्रोग्राम वाट्याने वापरतात. लॉकबिट या टोळीत खंडणीतील सुमारे २० टक्के रक्कम प्रोग्रामवाल्यांकडे जात असे आणि उरलेली घुसणाऱ्याकडे. कॉन्टी या टोळीने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा तिचे अंतर्गत संवाद बाहेर फुटले. त्यांत मासिक पगार आणि नोकरभरती यांच्या चर्चा होत्या. आपल्याशी शांतपणे बोलणारा माणूस कदाचित आपल्या संगणकात कधी शिरलेलाही नसेल.

कुलूप सर्वांत शेवटी लागते, हेही मालकांना सांगा. त्याआधी बहुधा ते आत फिरतात, प्रशासकाचे अधिकार मिळवतात, बॅकअप पुसतात आणि कागदपत्रांची प्रत बाहेर नेतात, म्हणजे पुढे ती उघड करण्याचीही धमकी देता येते.

सहकारी बँकेतून निवृत्त

शब्द पाळण्याच्या प्रश्नावर मला आग्रहाने लिहावेसे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी लॉकबिटची यंत्रणा ताब्यात घेतली, तेव्हा ज्यांनी खंडणी भरली होती त्यांचीही चोरलेली माहिती तिथे तशीच सापडली. किल्ली मिळाली, तरी प्रत नष्ट झाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जून २०१७ मधील नॉटपेट्या या घातक प्रोग्रामच्या हल्ल्यात न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तिथेही पडद्यावर खंडणीचीच चिठ्ठी होती, परंतु त्या प्रोग्रामची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फाईली परत मिळणे शक्य नव्हते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील ऑगस्ट २०१८ चा हल्ला आमच्या क्षेत्रातील कोणीही विसरलेले नाही. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड काढली गेली. आत शिरणारे आणि यंत्रासमोर कार्ड घेऊन उभे राहणारे वेगवेगळे होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली, ते पैसे काढण्याच्या साखळीतील होते.

कृपया संगणक फॉरमॅट करू नका. त्याची नेटवर्कची तार काढा आणि डिस्क व चिठ्ठी जपून ठेवा. सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला तर अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावयाची असते, त्यामुळे आता आणखी उशीर नको. काही जुन्या प्रोग्रामांच्या किल्ल्या नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तिथे एक कुलूपबंद फाईल तपासून पाहा.

हिशेबनीस, अक्कलकोट रोड

आपणा दोघांचे मनापासून आभार. रिमोट डेस्कटॉप उघडाच होता, आणि पासवर्ड कारखान्याचे नाव व वर्ष असा होता. तो मीच ठेवला होता, हे आज मालकांना सांगितले. लक्ष्मीपूजनाला वह्यांसोबत पूजेत ठेवलेली बॅकअपची डिस्क त्यांच्या कपाटात सापडली आहे. त्या दिवसापर्यंतचा हिशेब तिच्यात आहे. पुढची बिले छापील प्रतींवरून आणि जीएसटी विवरणपत्रांवरून पुन्हा भरायला घेतली आहेत. खंडणी द्यायची नाही, असे मालकांनी ठरवले आहे. पगारपत्रकासोबत कामगारांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती होत्या, म्हणून उद्या पाळी सुटताना त्यांना एकत्र बोलावून मी स्वतः हे सांगणार आहे.